ड्रममधला गणपती

कौसल्या गेली हे बद्रीनाथच्या आधी चहाच्या टपरीवरल्या सगळ्यांना कळलं.

सिडकोतल्या दवाखान्यासमोर तो ग्लासात बिस्कीट बुडवत उभा होता. समोरून कुठल्यातरी मंडळाची ट्रॉली चालली होती आणि तिच्यावर भिंतीएवढे स्पीकर होते. फोन वाजला. वरून सोनियाचा, त्याच्या लेकीचा. "मोठ्यानं बोल!" तो ओरडला. ती मोठ्यानं बोलली. "काय? अजून मोठ्यानं!" शेवटी पोरगी दवाखान्याच्या खिडकीत आली आणि तिथून गळा फाडून तिनं सांगितलं. टपरीवाल्यानं गॅस बंद केला. बाकावरचे दोघं उठून उभे राहिले. बद्रीनाथ तेवढा अजून फोन कानाला लावून "हॅलो, हॅलो" करत होता. टपरीवाला जवळ आला आणि त्याच्या कानात म्हणाला, "काका, काकू गेल्या म्हणतेत."

बिस्कीट ग्लासात पडलं होतं. बद्रीनाथ ते चमच्यानं काढत बसला. तुकडे झाले, पण निघालं नाही.

डेंग्यू. उभा जन्म एसटी चालवून बद्रीनाथला घाटातल्या एकाही वळणानं मारलं नाही, आणि कौसल्याला डासानं नेलं. लग्न झालं तेव्हा ती बारावी पास होती. पुढचं सगळं ती शिकली ते त्याच्या ड्युट्यांच्या मधे आणि स्वतःच्या हट्टावर. मग जुनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागली. ड्रायव्हरची बायको मॅडम झाली, तर डेपोतले लोक त्याला म्हणायचे, "बद्री, आता घरी पण हात वर करून बोलावं लागत असंल." तो म्हणायचा, "हात वर केला तरी नंबर लागत नाय."

दवाखान्याचे कागद होईपर्यंत दुसरा फोन आला. शेजारच्या फ्लॅटमधल्या श्रीधरपंतांचा. पंचांग, तिथी, सोयरसुतक या खात्याचे बिल्डिंगमधले ते एकटे अधिकारी.

"बद्रीनाथराव, फार वाईट झालं. काय बोलावं कळत नाही." पलीकडं पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "पण एक विचारायचं होतं. गणपतीचं काय करायचं?"

"कोणच्या गणपतीचं?"

"तुमच्याच. घरात बसलाय ना. आता तुम्हाला सुतक. वहिनींना घरी आणायच्या आत मूर्ती हलवायला हवी, आणि ती तुमच्या घरच्या कोणी हलवून चालत नाही. परक्यानं विसर्जन करायचं."

बद्रीनाथला एवढंच समजलं की देव आधी बाहेर, मग बायको आत. दोघं एकदम घरात मावत नव्हते. "करा," तो म्हणाला. "पण तिनं सांगितल्यासारखं करा. खाली ड्रममधी."

हा ड्रम म्हणजे कौसल्याचा यंदाचा हट्ट होता. मागच्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ती विसर्जनाच्या विहिरीवरून येत होती, तर पाण्यावर सोंडा, पोटं आणि उंदीर तरंगत होते. ती घरी येऊन जेवली नाही. यंदा म्हणाली, "लोक प्लास्टरचेच गणपती आणणार, कितीही ओरडा. मग मी पण प्लास्टरचाच आणते आणि घरीच विरघळवून दाखवते. बेकरीवाले बिस्किटात अमोनिया घालतात ना, त्याच्यात. खाली खडू बसतो, वर खताचं पाणी राहतं. देव जातो झाडाला. विहिरीत कुजत नाही."

मूर्ती घ्यायला गेली तेव्हा तिच्या हातात बॅगा मोजायचा हुकाचा काटा होता. तिनं मूर्त्यांना एकेक करून पिशवीत घालून लटकवलं. दुकानदार म्हणाला, "ताई, गणपती घेताय का कलिंगड?" सहावी मूर्ती तिला पसंत पडली. आठ किलो सहाशे ग्रॅम. चेहरा कसा आहे हे तिनं घरी आल्यावर बघितलं. श्रीधरपंतांना हे कळलं तेव्हा त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या.

मग मोंढ्यातून, घाऊक बाजारातून, अमोनियाच्या पांढऱ्या पावडरीची आठ किलोची गोणी आली. पार्किंगमध्ये निळा ड्रम आला. नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नाही, म्हणून तिनं तो आधीच भरून ठेवला. आणि भिंतीवर तिनं कॉलेजातला जुना फळा टांगला. त्यावर एका बाजूला प्लास्टर, दुसऱ्या बाजूला अमोनिया, मधे बाण, आणि ठळक अक्षरात: एकास दोन. सगळ्या बिल्डिंगला बोलावून तिनं सांगितलं, "पूर्ण विरघळला नाही तर पुढच्या वर्षी मी पण विहिरीवर येईन, तुमच्यामागं टाळ वाजवत." त्या रात्रीच तिला ताप भरला.

तर श्रीधरपंत आणि सोसायटीचा सेक्रेटरी राजकुमार, दोघांनी मूर्ती खाली नेली, ड्रममध्ये बसवली आणि गोणी उपडी केली. वर कौसल्या आली. मग तीही गेली.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. बद्रीनाथची थोरली बहीण मनकर्णाबाई कौसल्या दवाखान्यात असल्यापासूनच वैजापूरकडच्या गावाहून येऊन राहिली होती. तिनं घर हातात घेतलेलं. श्रीधरपंत रोज खाली जाऊन बांबूनं ड्रम ढवळत आणि ढवळताना अथर्वशीर्ष म्हणत. बांबू टणकन लागला की थांबत आणि क्षमा मागत.

आणि बांबू रोज टणकनच लागत होता. हात गेले, कान गेले, सोंड गेली, मुकुट गेला. पण पोट जागचं हललं नाही. पाण्यात वाकून बघितलं तर खाली एक पांढरी, बिनचेहऱ्याची आकृती बैठक मारून बसलेली दिसायची. पोरं शाळेतून आली की दप्तरासकट आधी ड्रमपाशी जायची.

एका सकाळी राजकुमार वर आला. तो बांधकामाचा ठेकेदार. बसला, पाणी प्यायला, कौसल्याच्या फोटोकडं बघून हात जोडले. मग म्हणाला, "काका, वेळ नाही ही बोलायची. पण लोक विचारायलेत. अर्धवट देव पार्किंगमधी बरा नाही दिसत. महापालिकेची गाडी फिरतीय मूर्त्या गोळा करत. सांगू का?"

"आजून विरघळंल."

"नाही विरघळत काका. गणितच चुकलंय." राजकुमारनं आवाज खाली घेतला, जणू आजारी माणूस आत झोपलंय. "मॅडमनी फळ्यावर काय लिहिलंय? एकास दोन. आमच्यात एकास दोन म्हणजे एक पाटी सिमेंट, दोन पाट्या वाळू. मग साडेआठ किलोच्या गणपतीला सतरा किलो अमोनिया पाहिजे का नाही? मॅडमनी आणला आठ. स्वतःच लिहिलं आणि स्वतःच विसरल्या. तापात होत्या बिचाऱ्या. आपण काय नावं ठेवत नाही."

तो गेल्यावर बद्रीनाथ खुर्चीतच बसून राहिला. ज्या बाईनं वाण्याच्या चिठ्ठीतल्या बेरजा लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवल्या, तिला गणित आलं नाही असं आता सगळ्या बिल्डिंगनं ठरवलं होतं. ते "बिचारी"सुद्धा म्हणायला लागले होते. ती असती तर बिचारी म्हणणाऱ्याला तिनं फळ्यापाशी उभं केलं असतं. ती नव्हती. आणि जो उरला होता त्याला यातलं ओ का ठो कळत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे राजकुमारचं बोलणं त्याला पटलं होतं. एकास दोन म्हणजे एकास दोन. त्यात न कळण्यासारखं काय आहे?

"सोनिया," त्यानं हाक मारली. "तुझ्या मम्मीचं अकरावीचं पुस्तक काढ."

सोनिया पुण्यात बँकेत होती. आईच्याच हाताखाली अकरावीत केमिस्ट्रीत नापास झाली होती, आणि ते कौसल्यानं आख्ख्या वर्गासमोर वाचून दाखवलं होतं. "पप्पा, मला यातलं काय येतंय? मी म्हणून तर कॉमर्सला गेले."

"नापास झालेल्याला निदान प्रश्न तरी म्हाईत असतेत. काढ."

बसले दोघं. मोल नावाच्या धड्यापाशी बद्रीनाथ अडला. "हे मोल म्हंजी काय माप हाये? किलोसारखं?"

"किलोसारखं नाही. शेकड्यासारखं." सोनियाला आठवायला लागलं. "मम्मी म्हणायची, एक शेकडा लिंबं घ्या आणि एक शेकडा कलिंगडं घ्या. शेकडा दोन्हीकडं सारखाच. पण लिंबं पिशवीत येतात आणि कलिंगडाला टेम्पो लागतो."

"बराबर."

"मोल म्हणजे तसा शेकडा. फक्त लई मोठा. कण मोजायचा. आणि एकास दोन हे नगाचं आहे पप्पा, वजनाचं नाही! लग्नात एका नवरदेवामागं दोन करवल्या लागतात, असं सांगायची ती. दोन करवल्या म्हणजे नवरदेवाच्या दुप्पट वजन नव्हे."

"करवल्या बारीक असल्या तर?"

"तर दोघी मिळून नवरदेवाएवढ्याच भरतात."

बद्रीनाथ सरळ बसला. "आपला नवरदेव किती वजनाचा?"

पुस्तकामागच्या तक्त्यावरून सोनियानं आकडे जोडले. वाळलेल्या प्लास्टरचा एक मोल एकशे बहात्तर ग्रॅम. अमोनिया म्हणतात त्या पावडरीचा एकोणऐंशी. "दोन घेतले तर एकशे अठ्ठावन्न," ती म्हणाली. "बघा, जवळजवळ सारखंच वजन!"

तेवढ्यात कौसल्याच्या कॉलेजातल्या दोन बाया भेटायला आल्या. दारात उभं राहून त्यांनी बघितलं. नवरा जमिनीवर मांडी घालून भागाकार करतोय आणि लेक शेजारी बसून "शून्य उतरवा, शून्य उतरवा" म्हणतेय. एक बाई डोळ्यांना पदर लावून दुसरीला म्हणाली, "धक्का बसलाय गं." मनकर्णाबाईनं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "सकाळपासून असंच चाललंय. औषध बी नाय घेतलं."

"पन्नास!" बद्रीनाथ ओरडला. "आठ हजार सहाशेला एकशे बहात्तरनं भाग. पन्नास मोल, वर काही उरत नाय."

"बरोबर पन्नास?" सोनियानं पुन्हा करून बघितलं आणि हसायला लागली. "म्हणून सहा मूर्त्या लटकवल्या तिनं! सोपं गणित यावं म्हणून तसा गणपती निवडला!"

"मंग पन्नासाला अमोनियाचे शंभर. शंभर गुणिले एकोणऐंशी."

"सात हजार नऊशे ग्रॅम. सात किलो नऊशे. आणि तिनं आणले आठ. शंभर ग्रॅम सांडलवंडीला."

म्हणजे कौसल्याचं चुकलं नव्हतं. बद्रीनाथनं चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. भेटायला आलेल्या बायांना त्यानं तिथल्या तिथं सांगितलं, "तिचं बराबर हाये." त्या दोघी मान हलवत राहिल्या. त्यांना वाटलं, स्वर्गाबद्दल चाललंय.

"पण मग तो विरघळला का नाही?" सोनिया म्हणाली.

बद्रीनाथनं गाडी बंद पडल्यावर करायचा तोच विचार केला. इंजिन बरोबर आहे, तर मग डिझेल कुठं गेलं? त्यानं बहिणीला हाक मारली.

"अक्का, ती पांढरी गोणी तू बघितली व्हती का? घरात व्हती तव्हा?"

"बघितली म्हंजी?" मनकर्णाबाई हात पुसत आली. "लई घाण वास मारत व्हती. नाकात घुसायचा, डोळ्यातून पाणी. म्या म्हनलं मोरीचंच कायतरी हाये. मंग कळलं गोणीचा वास. ओल धरली असंल म्हनलं. गच्चीवर न्हेली, जुन्या चादरीवर पसरली आन् चांगलं ऊन दिलं. भादव्याचं ऊन कसं असतंय तुला म्हाईतच हाये. कौसल्या दवाखान्यात व्हती तवर रोज पसरत व्हते."

"मंग?"

"मंग वास लई कमी झाला. भरून ठिवली. जराशी आटली व्हती. वाळल्यावर हरभरा बी कमी भरतोयच की."

सोनियानं तोंडावर हात ठेवला. बद्रीनाथ बहिणीकडं बघत राहिला. जन्मभर या बाईनं जे दिसेल ते वाळवलं होतं. गहू, हरभरा, मिरची, कुरडया. पोरं शाळेला पाठवायच्या आधी तिनं पोरांनाही ऊन दिलं असेल.

"अक्का, तो वास म्हंजीच ती पावडर व्हती. वास गेला नाय, पावडर गेली. उडून."

"अगं आई!" मनकर्णाबाई खाली बसली. "म्हंजी म्या देवाला आर्धा ठिवला?"

"तू कशाला ठिवतीस? करवल्या कमी पडल्या."

"कोन्च्या करवल्या?" तिनं सोनियाकडं बघितलं. "याला झोपव जरा."

आता किती उडाली हे कळायला एकच रस्ता होता. किती गणपती उरलाय ते मोजायचं. बद्रीनाथनं कपाटावरून हुकाचा काटा काढला आणि जिना उतरला. मागून सोनिया, तिच्यामागून मनकर्णाबाई, आणि बातमी त्यांच्याही पुढं, कारण पार्किंगमध्ये पोचले तर राजकुमार आणि श्रीधरपंत आधीच उभे होते.

बद्रीनाथनं बाह्या वर केल्या. श्रीधरपंत मधे आले. "बद्रीनाथराव, सुतकात देवाला हात?"

"पंत, तुम्ही उत्तरपूजा केली का नाय?"

"केली. घाईत केली, पण केली. अक्षता टाकल्या, मूर्ती हलवली."

"म्हंजी देव गेला ना? मंग खाली जे बसलंय ते काय हाये?"

पंत अडकले. शास्त्रात विसर्जन म्हणजे पाण्यात सोडणं. पाण्यात सोडूनही जो जात नाही त्याच्याबद्दल ऋषींनी काही लिहून ठेवलेलं नव्हतं, कारण ऋषींच्या वेळी प्लास्टर नव्हतं. "तत्त्वतः माती," ते शेवटी म्हणाले. "पण मी असं म्हणालो असं कुणाला सांगू नका."

"आख्खी बिल्डिंग ऐकायलीय, पंत," राजकुमार म्हणाला.

बद्रीनाथनं दोन्ही हात खांद्यापर्यंत ड्रममध्ये घातले. नाकात वास भिनला. हाताला गार, गुळगुळीत काहीतरी लागलं, मोठ्या रताळ्यासारखं. त्यानं उचललं. पाणी निथळत पांढरं पोट वर आलं. मनकर्णाबाईनं आधी हात जोडले आणि मग पिशवीचं तोंड उघडून धरलं. हुक लावला, लटकवलं. सगळे काट्यावर वाकले.

"साडेचार," सोनिया म्हणाली. "ओला आहे. दोनशे ग्रॅम पाणी धरा."

"चार तीनशे," बद्रीनाथ म्हणाला. "आर्धा. बराबर आर्धा. पंचवीस मोल." मग तो राजकुमारकडं वळला. "राजकुमार, तुझं सतराचं गणित खरं असतं तर आठ किलोत आर्धाच विरघळायचा. मान्य. पण तिचं गणित खरं असंल तर आता मला चारच्या आतच किलो लागंल आन् हा सगळा जाईल. तुझ्या हिशोबानं साडेआठ लागतेत. मी चार आणतो. उरला तर गाडी बोलाव."

"काका, इरेला पडू नका."

"इरेलाच पडलोय."

तो तसाच ओल्या बाह्यांनी मोंढ्यात गेला. दुकानदार म्हणाला, "बेकरी टाकली का काका?" बद्रीनाथ म्हणाला, "नाय, गणपती शिल्लक हाये." दुकानदारानं चार किलो मोजून दिले. पिशवीला बद्रीनाथनं स्वतः तीन गाठी मारल्या, आणि स्कूटरवर दोन पायांच्या मधे धरून ती थेट ड्रमपाशी आणली. मनकर्णाबाई उन्हाच्या आणि पिशवीच्या मधे हात पसरून उभी राहिली.

पावडर पडली आणि पाण्याला फेस आला. बारीक बुडबुडे सुर्र करत वर यायला लागले. या वेळी बांबू बद्रीनाथनं घेतला. अथर्वशीर्ष त्याला येत नव्हतं. तो नुसता ढवळत होता आणि तोंडानं "एकास दोन, एकास दोन" चालू होतं. पंत बाजूला उभे राहून म्हणाले, "उच्चार तरी स्पष्ट करा."

दुसऱ्या दिवशी बांबू टणकन लागला. त्यानंतर लागला तेव्हा आवाज बदललेला होता. मग एका सकाळी बांबू तळापर्यंत गेला आणि मऊ गाळात रुतला. बद्रीनाथनं ड्रमभर फिरवून बघितला. कुठंही काही लागलं नाही. त्यानं सोनियाला हाक मारली नाही. थोडा वेळ एकटाच तिथं उभा राहून ढवळत राहिला, ढवळायला काही नव्हतं तरी.

राजकुमार आला, वाकून बघितलं, हात घालून बघितलं. "गेला की वो," तो म्हणाला. पण ठेकेदारच तो. "आता म्हणाल खाली किती माल निघणार तेही सांगतो. मॅडम सांगत होत्या बघा त्या दिवशी, आधीच सांगता येतं किती निघंल म्हणून."

"येतंय," बद्रीनाथ म्हणाला. "पन्नास मोल गणपती गेला, पन्नास मोल खडू झाला. खडूचा मोल शंभर ग्रॅम. पाच किलो. आन् पाण्यात खत, एकशे बत्तीसच्या हिशोबानं सहा किलो सहाशे. बाकीचा वारा झाला आन् पाणी."

हे त्यानं पुस्तक न बघता सांगितलं. सोनिया त्याच्याकडं बघत राहिली. कौसल्यानं हेच त्याला किती वेळा शिकवायचा प्रयत्न केला होता, जेवताना, बसस्टॉपवर, एकदा तर सिनेमाच्या मध्यंतरात. त्याला कधी आलं नव्हतं. त्याला वाटायचं, ती आहे ना, मग आपल्याला कशाला यायला पाहिजे.

गाळ काढायचं काम मनकर्णाबाईनं घेतलं. फडक्यातून गाळला, धुतला आणि गच्चीवर पसरला. या वेळी सगळे म्हणाले, अक्का, घाल हवं तेवढं ऊन. वाळल्यावर पिशवीत भरून लटकवला तर पाचाला थोडा कमी भरला. राजकुमारनं काट्याला टिचकी मारून बघितली. मग खाली गेला आणि फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, "काका, ते नगाचं होतं व्हय. मी आपलं पाट्यांनी धरलं." आणि मग खाली मान घालून, "मॅडमचं बराबर होतं. मी सांगतो सगळ्यांना." दुपारपर्यंत त्यानं सांगितलंही, करवल्यांसकट. पुढच्या वर्षीसाठी चार घरांनी आपापले ड्रम ठरवले. श्रीधरपंतांनी त्यासाठी एक वेगळा संकल्प रचायला घेतला.

खडू बद्रीनाथनं कौसल्याच्या कॉलेजात नेऊन दिला. शिपाई म्हणाला, "आता सगळीकडं मार्कर हायेत, काका." पण ठेवून घेतला.

तेरावं झालं. मनकर्णाबाई गावाला गेली. सोनिया पुण्याला गेली. जाताना तिनं सांगितलं, "पप्पा, ते खताचं पाणी तसंच घालू नका. फार कडक आहे, मुळं जळतील. साधं पाणी मिसळून घाला."

बद्रीनाथ हो म्हणाला. कढीपत्ता, जास्वंद आणि गेटजवळचा कडुनिंब, एवढी झाडं त्यानं ठरवून ठेवली आहेत. एका बादलीला किती पाणी मिसळायचं ते गणित अजून त्यानं केलेलं नाही. ड्रम भरलेलाच आहे.